हात धुवायचं राहून गेलं

मुलांना रान शिकवायचं तर आधी त्यांच्या आयांना शिकवावं लागतं. पहिल्या रविवारी एकेका पोराच्या पाठीवर एवढं ओझं असतं, की चौदा वर्षांच्या वनवासालाच निघालंय. डासांचं मलम, कपड्यांचे दोन जोड, बिस्किटांचे चार पुडे. एका आईने तर सकाळी आठच्या वर्गाला बॅटरी दिली होती. मी ते सगळं पंपघरातल्या फळीवर ठेवायला लावते आणि प्रत्येकाच्या हातात एक चाकू, एक दोरी आणि एक रिकामा डबा देते. आया फाटकापाशी घुटमळतात. मी फाटक लावून घेते.

पंपघर म्हणजे शहराच्या कडेला जुन्या पाण्याच्या टाकीखालची खोली. टाकी बंद झाली, पंप काढून नेले, खोली उरली. तिच्यामागे एक ओढा आणि पंधरा-वीस एकरांचं रान. आत एका भिंतीवर मोठी फळी आहे, तिच्यावर ओळीने खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या हत्याराची आकृती खडूने काढलेली. कुठला चाकू परत आला नाही ते दारातूनच दिसतं. ही युक्ती माझ्या सुनेची. ती दवाखान्यात नर्स आहे आणि रविवारी माझ्याबरोबर येते. मलमपट्टीची पेटी आणि मुलांची यादी तिच्याकडे. आमचं सासू-सुनेचं बरं जमतं, कारण ती कमी बोलते आणि ती कसर मी भरून काढते.

आठ रविवारांचा वर्ग. चाकू धरणं, गाठी मारणं, फांद्या-पानांचं छप्पर बांधणं, धनुकली फिरवून लाकडातून विस्तव काढणं आणि खायची पानं ओळखणं. मी हे कुठल्या शाळेत शिकले नाही. माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती, तिथे वाढले. डोळे बांधून माझ्या हातात ढलपी दिली की मी हुंगून झाड सांगायचे, आणि ते ओलं आहे की मुरलेलं, तेही. वखारीत येणारे सुतार यावर पैजा लावत. पुढे रानात शिरले तेव्हा हेच नाक कामाला आलं. विस्तव काढताना धूर दिसायच्या आधी वास येतो. वीस पावलांवरून मी ओरडायचे, थांबू नकोस, आला, आणि पुढच्या क्षणी पोराच्या हाताखाली धुराचा धागा निघायचा. मुलांना ती जादू वाटे. मी त्यांचा तो समज कधी मोडला नाही.

ते नाक फेब्रुवारीतल्या तापात गेलं.

मला कळलं ते असं. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून वर्तमानपत्र वाचत होते आणि सून बाहेरून धावत आली. माझ्या कोपरापाशी दूध जळून काळं झालं होतं. मी म्हटलं, वाचण्याच्या नादात लक्षच नव्हतं. तिने पातेलं उचलून नळाखाली धरलं. नाकाच्या डॉक्टरांकडे मी एकटीच जाऊन आले. येईलही परत, नाही येणारही, म्हणाले. एवढं ऐकायला मी दीड तास बाकावर बसले होते.

मी कोणालाच सांगितलं नाही. रान सरकारी आहे, दरवर्षी वनखात्याच्या साहेबांकडून परवाना नवा करून घ्यावा लागतो आणि त्या अर्जावर शिकवणारी व्यक्ती सर्व प्रकारे सक्षम आहे असं लिहून सही करायची असते. मी सही केली. पण खरं सांगायचं तर परवाना हे निमित्त होतं. नाक गेलेली मी म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं, आणि ते शोधून काढायची हिंमतही नव्हती.

मग मी एक शक्कल काढली. पूर्वी मुलं काही आणायची, मी हुंगायचे आणि सांगायचे. आता मी म्हणू लागले, तू सांग. पोरगं हुंगायचं, आणि मी त्याचा चेहरा वाचायचे. नाक फेंदारलं की उग्र, भुवया चढल्या की ओळखीचं, डोळे इकडेतिकडे फिरले की ठोकून देतोय. वखारीत गिऱ्हाइकांचे चेहरे बघत मोठी झालेली मी, मला हे कठीण गेलं नाही. गंमत म्हणजे मुलं त्याने पूर्वीपेक्षा लवकर शिकू लागली. एका बाबांनी मुद्दाम थांबून माझ्या नव्या पद्धतीचं कौतुक केलं. मी तोंड भरून हसले आणि घरी येऊन जेवले नाही.

यंदाच्या गटात अकरा मुलं होती. त्यांतली दोन सांगायला हवीत. एक तेरा वर्षांची मुलगी, जिला मी पहिल्याच दिवशी वकीलबाई नाव ठेवलं, कारण गाठ अशीच का आणि तशी का नाही, याचा निकाल लागल्याशिवाय ती दोरीला हात लावेना. दुसरा एक मुलगा, गोगलगाय. सगळे छप्पर बांधून आत बसले तरी हा पहिल्या फांदीची साल निरखतोय.

पाचवा रविवार पानांचा. ओढ्याकाठी सावलीत रानलसूण उगवते, रुंद हिरवी पानं, चुरगाळली की लसणीचा भपकारा. ती चिरून दुपारी पातेल्यात शिजवायची आणि सगळ्यांनी खायची. आणि त्याच सावलीत, तिला खेटून, आणखी एक झाड उगवतं. तसंच पान, तोच हिरवा. आम्ही त्याला सावत्र म्हणतो. ते पोटात गेलं की उलट्या तर होतातच, पण जास्त गेलं तर हृदयाचे ठोके चुकायला लागतात. जमिनीत उभी असताना दोन्ही डोळ्यांनी ओळखता येतात. लसणीचं प्रत्येक पान आपल्या वेगळ्या देठावर येतं, सावत्राची दोन पानं एकाच दांड्यातून फुटतात. पण मुलं पान ओरबाडतात, देठ मागेच राहतो. डब्यात दबलेल्या पानाची चकाकीही फसवते. मग खरा पुरावा एकच, चुरगाळ आणि हुंग. लसूण असेल तर लपत नाही. सावत्राला नुसता गवताचा वास.

मी दोन्ही दाखवली, फरक सांगितला, प्रत्येकाला हुंगायला लावलं आणि डबे देऊन सोडलं.

अर्ध्या तासाने वकीलबाई आली. तिच्या तळहातावर एक पान होतं, देठाशिवाय, मध्ये दुमडलेलं.

"काकू, वास येतोय," ती म्हणाली, "पण मला काहीतरी वेगळं वाटतंय. तुम्ही बघा ना."

तिच्यामागे आणखी तिघं उभी होती. तू सांग, म्हणायची सोय नव्हती, कारण तिने जे सांगायचं ते सांगूनच झालं होतं. मी पान चुरगाळून नाकाशी नेलं. काही नाही. कागद हुंगावा तसं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही पोरगी क्वचित चुकायची, आणि वास येतोय असं ती स्वतःच म्हणत होती. बाकीची तिघं माझ्याकडे बघत होती.

"हो, तीच आहे," मी म्हटलं. "उगाच कीस पाडू नकोस."

ती मान डोलावून गेली.

साडेअकराला सगळे पंपघरासमोर जमले. डबे मोठ्या टोपलीत उलटे केले, हिरवागार ढीग झाला. सुनेने पाट आणि विळी मांडली. दहा डबे भरून आले होते. गोगलगाय सर्वांत शेवटी आला, डब्यात चार पानं घेऊन. पोरं हसली. मीही हसले. म्हटलं, काय रे, विकत आणायला गेला होतास का?

तो म्हणाला, "प्रत्येक पानानंतर ओढ्यावर जाऊन हात धूत होतो. एकदा हाताला वास लागला की मग सगळंच लसूण वाटतं."

मी टोपलीकडे पाहिलं.

वीस वर्षं मी पानांचा रविवार शिकवतेय आणि वीस वर्षं पहिला नियम हाच सांगत आलेय. लसूण खुडलेल्या हातात सावत्र धरलं तर तेही लसणीसारखं दरवळतं. म्हणून थोड्या-थोड्या वेळाने राख आणि वाळू चोळून हात धुवायचे, आणि मगच पुढचं पान. हा नियम मी कधी पाठ केला नव्हता. दाखवायला पहिलं पान चुरगाळलं की माझ्याच बोटांचा वास नाकात शिरायचा आणि वाक्य आपोआप तोंडात यायचं. यंदा बोटांना वास नव्हता. वाक्य आलंच नाही.

आणि समोर टोपलीत दहा डब्यांची पानं एकत्र झालेली, सून विळीवर बसलेली.

"थांब," मी म्हटलं. तिने हात वर घेतला.

मी त्या वेळी खरं बोलू शकले असते. बावीस डोळे माझ्याकडे लागले होते, आणि मला भीती वाटली. अगदी लहान पोरासारखी भीती. मी खाकरले आणि म्हटलं, बघत होते, कोणाच्या लक्षात येतंय ते. हात धुवायचं मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. अकरा जणांत एकाला डोकं निघालं. चला, आता सगळ्यांनी हात धुवून या आणि हा ढीग एकेक पान करून परत निवडा.

मुलं खूश झाली. काकूंनी कसं फसवलं, म्हणत ओढ्याकडे पळाली. गोगलगाय अन् पोटात पाय, असं कोणीतरी त्या मुलाला चिडवलंही. सून विळीवरून उठली, विळी मिटून ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

निवडायला तास लागला. शंका आली की बाजूला, असा हुकूम होता. सावत्राची चौदा पानं निघाली. यंदा सावत्र ओढ्याच्या वळणाजवळच्या एकाच जागेत उगवलं होतं, आणि त्या जागेवर फक्त वकीलबाई गेली होती. कोणी तिला बोललं नाही. तिनेच चौदा पानं दोनदा मोजली. मग ती दिसेनाशी झाली.

मी पाणी आणायला पंपघराकडे गेले तेव्हा आतून तिचा आवाज आला. ती दप्तर भरत होती आणि माझ्या सुनेला यादीतून आपलं नाव खोडायला सांगत होती.

"माझं नाकच खराब आहे," ती म्हणत होती. रडत नव्हती, एखादा हिशेब सोडवावा तसं बोलत होती. "मला ते पान वेगळं वाटलं होतं. मी काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, तीच आहे. तेव्हा मला कळायला हवं होतं की त्या परीक्षा घेतायत. गोगलगायला कळलं. मला वाटलं, मला शंका येते तीच चूक. म्हणून पुढच्या पानांना शंका आली तरी मी घेतली. मी असं करत राहिले तर कोणीतरी मरेल."

मी दाराबाहेर कळशी धरून उभी होते. माझ्या खोट्याची एवढी व्यवस्थित घडी तिने घातली होती की त्यात सगळं बसत होतं. माझा होकार बसत होता, चौदा पानं बसत होती, मी शहाणी ठरत होते. फक्त एक गोष्ट बिघडत होती, तिचं नाक. ते तर बरोबर होतं. अकरा जणांत पहिली शंका तिलाच आली होती, लसणीने माखलेल्या हातांनीसुद्धा. आणि मी तिला कीस पाडू नकोस म्हटलं होतं. आता ती जन्मभर शंका आली की स्वतःलाच गप्प करणार, आणि ते मी शिकवलेलं असणार.

मी कळशी खाली ठेवली आणि आत गेले.

"तुझं नाक ठीक आहे," मी म्हटलं. "माझं गेलंय. फेब्रुवारीपासून मला कसलाच वास येत नाही."

तिने दप्तराचा बंद हातात धरून ठेवला. मग तिने तिच्या पद्धतीने एकेक मुद्दा घेतला. म्हणजे सकाळी पान हुंगलं तेव्हा काही आलं नाही? नाही. मग हो कशावरून म्हणालात? मी सांगितलं, तुझ्या चेहऱ्यावरून. आणि हात धुवायचं मुद्दाम सांगितलं नव्हतं? मी म्हटलं, विसरले.

"मग तुम्ही बाहेर खोटं बोललात."

"हो."

मला वाटलं, ती रडेल किंवा माझी कीव करेल. म्हाताऱ्या माणसाने कबुली दिली की मुलं विरघळतात, अशी माझी समजूत होती. ती विरघळली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"मग बाहेर जाऊन सगळ्यांना सांगा," ती म्हणाली. "मला एकटीला सांगून काय उपयोग?"

मी बाहेर जाऊन सांगितलं. उभ्याने, टोपलीशेजारी. दूध जळण्यापासून आज सकाळपर्यंत सगळं. मध्ये कोणी मदतीला आलं नाही, तेही ठीकच झालं. एका मुलाने विचारलं, मग निवडलेली पानं शिजवायची का? मी म्हटलं, नाही. ढीग आम्ही ओढ्यापलीकडे खड्ड्यात पुरला. दुपारी सगळ्यांनी आयांनी दिलेली बिस्किटं खाल्ली. चार पुडे देणाऱ्या आईचे मी मनात आभार मानले.

परतताना सून गाडी चालवत होती. सिग्नलपाशी मी म्हटलं, तुला आज माझी लाज वाटली असेल. ती म्हणाली, स्वतःची वाटली. तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं.

"दुधावरून?" मी विचारलं.

"दुधावरून शंका आली. पण आई, चार महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला तुम्ही एकदाही नाव ठेवलं नाहीत. तेव्हा खात्री पटली."

रोज झोपण्यापूर्वी ती गॅसचं बटण तपासत होती. दवाखान्यातून आल्यावर माझ्या ताटातलं आधी स्वतः हुंगत होती. मी सांगेन म्हणून वाट बघत होती, मला टोचू नये म्हणून. पानांच्या रविवारी मुलांसमोर आपण गप्प बसलो, हे तिला सहन होत नव्हतं. आम्ही दोघी घरी जाऊन यादी पुढ्यात घेऊन बसलो आणि अकरा घरी फोन केले. बोलले मी. ती शेजारी बसून होती.

चौघांच्या आई-वडिलांनी मुलांना काढून घेतलं. एका बाबांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द वावगा नव्हता. माझ्या पद्धतीचं कौतुक केलं होतं तेच हे. वनखात्याच्या साहेबांकडे मी स्वतः गेले. त्यांनी अर्जावरची माझी सही बोटाने दाखवली. शेवटी ठरलं ते असं: हा गट पूर्ण करा, पण यंदा पान तोंडात जाणार नाही, नुसतं ओळखायचं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

सहाव्या रविवारी पुन्हा पानंच घ्यायची होती. मला वाटलं होतं, वकीलबाई येणार नाही. सात मुलं यायची होती आणि सव्वाआठपर्यंत सहा आली होती. गोगलगायसुद्धा वेळेवर. सव्वाआठ वाजून गेल्यावर ती फाटकातून आत आली, मला नमस्कार न करता फळीवरचा आपला डबा घेतला, आणि सगळ्यांबरोबर निघून गेली. पंपघरासमोर सुनेने दोन टोपल्या ठेवल्या होत्या, एक लसणीची, एक नको असलेल्यांची. नियमही नवे होते. हात धुतलेल्या दोघांनी हो म्हटल्याशिवाय पान लसणीच्या टोपलीत पडणार नाही, आणि त्या दोघांत मी धरायची नाही.

दहाच्या सुमाराला वकीलबाई माझ्यापाशी आली. तिचे हात ओले होते, नखांत राख होती. तिने माझ्या हातात एक पान ठेवलं. अर्धं फाटलेलं, कडेने सुकलेलं, देठ नव्हता. मी सवयीने वर पाहिलं आणि तिने पाठ फिरवली.

"असं नाही," ती म्हणाली. "चेहरा न बघता सांगा."

तिची वेणी आणि ओला शर्ट एवढंच मला दिसत होतं. मी पान उन्हात धरलं. उलटं केलं. लसणीच्या पानाची खालची बाजू मंद असते, सावत्राची चकाकते. हे सुकून मळलं होतं, काही चकाकत नव्हतं. शिरा बोटाने चाचपल्या. दोन्ही पानांत त्या सारख्याच धावतात. चष्मा काढून डोळ्यांजवळ नेलं. गोगलगाय आणि आणखी दोघं जवळ येऊन उभी राहिली होती. ती पाठमोरी तशीच थांबली होती, आणि ती वळणार नाही हे मला समजलं होतं.

वीस वर्षांत मुलांनी हजारो पानं माझ्यापुढे धरली असतील. एकदाही मी हे म्हटलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तेव्हा ती वळली. माझ्या हातातून पान घेतलं, पुन्हा एकदा नाकाशी धरून पाहिलं.

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि ते नको असलेल्यांच्या टोपलीत टाकून ओढ्यावर हात धुवायला गेली.